भिंतीकडं तोंड

३ ऑगस्ट २००३
पोचलो एकदाचा कोल्हापुरात. पुण्यात हॉटेल झालं, इचलकरंजीत माग झाला, कुठंच बूड टेकलं नाही. आता शाहूपुरीत उमरभाईंच्या दुकानात डॉल्बी भाड्यानं द्यायचं काम. अक्कलकोटचा म्हटल्यावर सगळे मला पावणं म्हणतात. मागच्या गल्लीत शिवलीलाक्कांकडं खोली मिळाली. माझं कन्नड ऐकून त्यांनी आधी जेवलास का विचारलं, भाड्याचं नंतर. त्या शिलाई मशीन चालवतात. शेजारी, रस्त्याकडच्या भिंतीला, शांभवीचा पाळणा. आक्कांना बऱ्याच वर्षांनी नवसानं झालेली पोर. मी कडी वाजवली की मान वळवून हसते. इथं जीव रमेल बहुतेक.

११ ऑगस्ट
उमरभाई झकास शिकवतात, शिव्या देत देत. आवाज म्हणजे ढकललेली हवा, म्हणाले. स्पीकरच्या बॉक्सचा पडदा पुढं-मागं हलतो, हवेला धक्का देतो, तो धक्का आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळतो. धक्के भराभर आले की शिट्टी, सावकाश आले की ढोल. शिट्टी भिंतीला अडते, ढोल भिंतीतनं पार जातो. त्याहून सावकाश धक्का कानाला कळतच नाही, फक्त छातीला कळतो. आणि मोठ्या बॉक्सचं तोंड भिंतीकडं केलं की दणका दुप्पट होतो. पण गल्लीत असलं काय केलंस तर मी हाय आणि तू हाईस, असा दमही दिला.
मग गंमत दाखवली. बॉक्सची वायर उलटी जोडून मला पडद्यापुढं बोलायला लावलं, तर माझाच आवाज दुसऱ्या बॉक्समधून आला! म्हणाले, जो बोलतो त्यो ऐकतो बी की, आपण त्याला कधी विचारत न्हाई एवढंच.

१० सप्टेंबर
काल विसर्जन. गल्लीतल्या मंडळाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवरचा डॉल्बी माझ्या हाती. सकाळी आक्कांनी बजावलं होतं, आमच्या दारात जरा हळू रे तम्मा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी हसून हो म्हटलं होतं.
दुपारी आमच्याच गल्लीत समोरून दुसरं मंडळ आलं. त्यांचा आवाज वरचढ. आमची पोरं माझ्यावर ओरडायला लागली, पावणं, ह्यो डॉल्बी हाय का म्हातारीचा ट्रान्झिस्टर? उमरभाई मागं राहिले होते. मी चौघांना हाताशी घेऊन मोठा बॉक्स ट्रॅक्टरवरून उतरवला आणि त्याचं तोंड भिंतीकडं केलं. आक्कांच्या भिंतीकडं. समोरचे गपगार झाले. पोरांनी मला खांद्यावर उचललं. तिथून खिडकीतलं दिसलं. शांभवीचं तोंड रडून वासलेलं, आक्कांनी तिचे कान दाबून धरलेले.
मी आवाज कमी केला नाही. खांद्यावरून उतरावंसं वाटलं नाही.

१३ सप्टेंबर
कडी वाजवली. शांभवीनं मान वळवली नाही. आक्का म्हणाल्या झोपेत असेल. डोळे उघडे होते.

१६ सप्टेंबर
डॉक्टरनं तिच्या मागं घंटी वाजवून बघितली. काही नाही. बॉक्स कुणी फिरवला ते आक्कांना ठाऊक नाही. मंडळाच्या पोरांना तळतळून शिव्या देतात आणि मला गरम भाकरी वाढतात. माझ्याही कानात एक शिट्टी बसलीय.
उमरभाईंना सांगून टाकलं. त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाले, कानाच्या आत ज्वारीच्या रोपागत बारीक केस असत्यात, आवाजानं डोलत्यात. आडवं झालं की झालं. ज्वारी परत पेरता येती, ही न्हाई येत.

१९ सप्टेंबर
दुकानात तो बॉक्स पुसत होतो. वायर काढलेली. तोंडातून नकळत शांभवी असं निघालं आणि पडदा हलला. उमर म्हटलं — ढिम्म. माझं नाव घेतलं — ढिम्म. शांभवी — हलला.

२१ सप्टेंबर
कडीसारखी टकटक केली, फळीवर. पाठ वळवून. मागं बघितलं तर बॉक्सचं तोंड माझ्याकडं. सकाळी दाराकडं होतं.
मान वळवली त्यानं.

२२ सप्टेंबर
वायर उलटी जोडून ऐकलं. पाळण्याची करकर. आक्कांची अंगाई. तिच्यापर्यंत पोचत नाही ते सगळं ह्याच्यात जातंय. मीच घातलं —

२४ सप्टेंबर
हातगाडीवरून बॉक्स आणला. आक्कांना म्हटलं दुरुस्तीला आणलाय. परत खोटं. पाळण्याजवळ भिंतीला ठेवला. फटीत डोकं घालून पडद्याला कान लावला. म्हटलं माझं घे, तिचं दे —

कानातली शिट्टी थांबली.

रस्त्याचा आवाज थांबला.

पेन फरशीवर टाकलं. काही नाही. शांभवी पण वळली नाही —

पडदा हलतोय अजून. हाताला कळतंय.

आक्कांनी मशीन थांबवलं. कानाला हात लावला. परत पाय मारला, चाक फिरतंय, परत थांबल्या — मला काहीतरी विचारतायत, ओठ नुसते —

भिंत. घाईत ठेवताना मी परत तोंड भिंतीकडंच — पलीकडं अख्खी गल्ली —