नुसत्या अक्षरांची मेल

प्रिय तेजस्वी,

परवा रेंज जाऊन फोन कट व्हायच्या आधी तू सांगितलंस, की तुझे बाबा म्हणाले, "मोबाईल बघत बसतीस, आनि बोलावनं आलेलं कळत न्हाय व्हय?" त्यांना सांग, चूक तुझी नव्हती. नर्सिंग कॉलेजच्या मुलाखतीची ती मेल, कॉलेजचं मेल पाठवायचं काम घेतलेल्या आमच्याच ऑफिसातून गेली. मी पहिल्यापासून सांगत होते, नुसता मजकूर पाठवूया. पण आमच्या नागेंद्र सरांना एचटीएमएलच हवं होतं, म्हणजे रंग, चौकट, कॉलेजचा फोटो. माझा साधा नमुना बघून म्हणाले, "लई उघडंबोडकं दिसतंय गं."

त्यात आपल्या सीमाभागाची खोड. मराठी वर की कन्नड वर, यावरून कॉलेजात रुसवेफुगवे झाले. शेवटी दोन्ही शेजारी शेजारी बसवून एकच चित्र केलं. तारीख, वेळ, जागा, सगळं त्या चित्रात. आमच्या अनगोळच्या ऑफिसात ते झकास उघडलं. जांबोटीत गोठ्यामागच्या चढावर तुला कशीबशी रेंज मिळते, तिथं चित्र उघडलंच नाही; पोचली रिकामी चौकट आणि खाली एक 'अभिनंदन'. पुढचं कधीतरी कळवतील म्हणून तू थांबलीस आणि मुलाखतीचा दिवस निघून गेला. वसतिगृहात मला कावीळ झाली तेव्हा माझं सगळं तूच केलंस. तुझी जागा एका चित्रापायी जावी, याचा मला फार राग आला.

काल दुसऱ्या फेरीची मेल निघायची होती. सरांनी तेच चित्र पुढे केलं, रंग तेवढा बदललेला. मी ते काढून टाकलं. ज्यानं अर्ज ज्या भाषेत भरला ती भाषा वर, दुसरी खाली, असा साधा मजकूर सगळ्यांना पाठवून दिला. आज सरांनी माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. मी लिहून देणार नाही. निपाणीला आईला फोन केला. विड्या वळून तिची पाठ गेली आहे, पण एवढंच म्हणाली, "तू वाकू नगंस."

तुझा फोन लागत नाही, म्हणून हा कागद जांबोटीच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. दुसऱ्या यादीत तुझं नाव आहे, कॉलेजनंच घातलेलं. येत्या शुक्रवारी सकाळी दहाला, कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, मूळ दाखले घेऊन यायचं. गुरुवारीच माझ्याकडे मुक्कामाला ये. शुक्रवारी मला ऑफिस नसणार, तुझ्याबरोबर मीच येते.

तुझीच हट्टी,
सुविधा