तळ्यात उभं राहायचंय

सोम. ६ ऑक्टो.
रात्रभर डोळा लागला नाही. डोळे मिटले की पायाखाली पाणी. दोष माझाच. काल कविता दीदीला हो म्हणून बसले.
ती वरच्या मजल्यावर राहते, डोंगरातल्या तळ्यावर कॅम्पच्या किचनमध्ये काम करते. इथं दिल्लीजवळ मानेसरच्या कंपन्या संपल्या की मागं लगेच जंगल, त्यात हे छोटं तळं. दिल्लीची माणसं येतात, हवा भरलेल्या लांब फळीवर उभी राहतात, वल्हं मारत मोर-नीलगाई बघत फिरतात. आता बायकापोरींच्या सोबतीला बाईच पाहिजे म्हणे. शिकवणार ते. १९ तारखेला जी उभ्यानं तळं पार करेल तिला कामावर घेणार. सातवी पास चालते. दोनदा विचारून घेतलं.
मला पोहता येत नाही. आमच्या गावाला पोहण्याएवढं पाणी होतं कुठं.
ह्यांना सांगितलंय, किचनमध्ये मदतीला जाते.

बुध. ८
गेले! ओवीला शाळेत सोडलं, शेअर ऑटो, मग कॅम्पची जीप.
काय ते तळं! तीन बाजूंनी डोंगर, पाणी हिरवंगार. निळा खंड्या दगडासारखा पाण्यात पडला आणि मासा घेऊन वर. आम्ही पाच जणी शिकणाऱ्या. शिकवणारी ऋतू मॅडम माझ्यापेक्षा लहान असेल. म्हणाली, "डरना है तो डरो, बस घुटने मत अकड़ाओ." म्हणजे गुडघे ताठ करायचे नाहीत.
जॅकेट घातलं, फळीवर गुडघे टेकून बसले. एक हात काठाच्या दगडाला. सुटेचना. कविता दीदी किचनच्या दारातून ओरडली, "अरी मराठन, किनारा छोड़ दे, वो कहीं नहीं भाग रहा!" सगळ्या हसल्या. मी पण हसले आणि हात सुटला.
घरी आले तर केस ओले. हे म्हणाले, "किचनमध्ये आंघोळ पण घालतात का?" म्हटलं, भांड्यांचं पाणी उडालं.

शुक्र. १०
पडले. नाकातोंडात पाणी. जॅकेटनं लगेच वर आणलं, पण तेवढ्यात ओवी डोळ्यांपुढं आली. मला काही झालं तर तिची वेणी कोण घालणार? पाच वर्षांची पोर. हे दिवसभर शिफ्टवर. इथं आपलं आहे कोण?
दादाला फोन करून सगळं सांगितलं. हसतच सुटला. "तू? झुरळ दिसलं की कॉटवर चढणारी?" मग, "दाजींना सांग आधी."
"नको. ते नाहीच म्हणतील."
"मग जाऊ नकोस, बाई."
ठेवला मी फोन. रडू आलं थोडं. पण जाणार.

सोम. १३
डोक्यात आलं, नव्या पाण्यात उतरले आणि ओटी भरलीच नाही. म्हणून पडले. आज पिशवीत घालून नेलं सगळं. हिरवा ब्लाऊजपीस, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. कोणी बघत नाही बघून काठावरच्या दगडावर मांडलं. हात जोडले. बाई गं, लेकुरवाळी आहे, सांभाळ.
आणि उभी राहिले!! आठ मोजेपर्यंत. फळी डुलत होती, पण उभी!

मंगळ. १४
राडा झाला. पोचलो तर काठावर माकडंच माकडं. नारळ फोडलेला. एकानं माझा ब्लाऊजपीस डोक्यावर घेतला होता, अगदी नवरीसारखा. एका फळीला दात लावलेले, हवा फुस्स. मला हसूही येईना.
जंगलचे गार्ड धरमबीर चाचा भडकले. "किसने रखा ये? एक बार खाना मिल गया तो रोज़ आएँगे, फिर मेहमानों को काटेंगे. बताओ, नहीं तो लेडीज़ का सीखना बंद."
सगळ्या माना खाली. माझ्यापायी चौघींचं जाणार. हात वर केला.
"हाथ जोड़ लेती, बस."
म्हटलं, "चाचा, हमारे में ओटी भरते हैं. पानी से खाली हाथ कैसे मिलती?"
चाचांनी सांडलेल्या तांदळांकडं बोट केलं. मग म्हणाले, "एक-एक दाना उठा."
वेचत बसले. चाचा डोक्यावर उभे. एकदम बोलले, हळूच, "हिलना मत." मान वर केली. समोरचा काठ अजून डोंगराच्या सावलीत होता. तिथं बिबट्या! वाकून पाणी पीत होता. सावकाश. जिभेचा आवाज इथपर्यंत, का मलाच वाटला... प्यायला, आमच्याकडं बघितलं, झाडीत गेला. चाचाही श्वास धरून.
घाबरले. पण पळावंसं वाटलं नाही. अजून पीत राहावं त्यानं, असं झालं.
घरी ओवीला करून दाखवलं. तिनं दूध तसंच प्यायलं, वाटीत तोंड घालून. हे म्हणाले, "किचनमधून तळं दिसतं वाटतं."
"दिसतं की."
ओवीच्या नाकाला लागलेलं दूध पुसायला लागले.

शुक्र. १७
मध्यापर्यंत गेले, उभ्यानं, वल्हं मारत! मधे पाणी काळं आहे. तळ नाहीच जणू. खाली बघितलं आणि मटकन बसले. ऋतू मॅडम म्हणाली, इतवार को बैठना नहीं, बैठी तो गया.
चाचा जाता जाता, "ओ चावलवाली, मैं भी देखने आऊँगा."
चकलीची भाजणी दळायची राहिली. राहू दे.

रवि. १९, कॅम्प
वारा आहे. पाण्यावर सुरकुत्या. पहिली पार झाली, दुसरी मधेच बसली. तिसरी मी. ओवीला बरोबर आणलंय, कविता दीदीजवळ पराठा खातेय. हे शिफ्टवर. सांगितलं नाहीच. पळून जावंसं वाटतंय, आणि उड्या पण माराव्याशा वाटतायत, काय हे...
हाक आली. वही किचनच्या दाराशी पिशवीत ठेवतेय.
मी पाण्यातून वर आले नाही तर, वही ज्याच्या हाती लागेल त्यानं दादाला फोन करा. नंबर मागच्या पानावर. ह्यांचा फोन कामावर लॉकरमध्ये असतो. म्हणा, ओवीला न्यायला या. आणि मी काठावर कपडे पिळत बसलेली दिसले तरी करा. म्हणा, तुमची बहीण तळ्याच्या मधोमध उभी होती, आम्ही बघितली. माझं तो खरं मानणार नाही. लिहिलंय मराठीत, पण अक्षरं हिंदीचीच, जुळवून वाचा. आजच करा. कराल ना?