पंपाची चावी आणि माझी नाडी

४ मार्च १९९१, सोमवार
पुन्हा छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल. म्हणजे मशीन बिघडलेलं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हरिहर, तुम्ही टेन्शन घेता. मी! सबंध बिल्डिंगचा पाण्याचा पंप एकहाती सांभाळतो. दर पाच मिनिटांनी बंद करून गच्चीवर टाकी बघून येतो. डोंबिवलीत एवढी काळजी घेणारा दुसरा दाखवा. उद्यापासून कल्याणच्या डॉ. भोईरांकडे अ‍ॅक्युपंक्चर.

५ मार्च
वेळ मिळाली संध्याकाळी सहाची. नेमकी पाणी यायची. चावी बायकोकडे द्यावी लागली. शेवंतीला सगळं तीनदा समजावलं. ती फक्त बरं म्हणाली. ते 'बरं' मला अजिबात आवडलं नाही.
सुया दुखत नाहीत. मनगटात, पायात, कानात. डॉक्टर म्हणाले, नुसतं पडून राहा. पडलो. पंप आठवला. उठलो. कानातली सुई उशीत.

८ मार्च
भयंकर शोध! श्वास घेताना नाडी जोरात पळते, सोडताना मंदावते. म्हटलं, संपलं. डॉक्टर हसले. निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही म्हणे, श्वासाबरोबर थोडं मागेपुढे करतं. ते चांगलंच. सुयांनी नसा शांत होत असाव्यात असं त्यांना वाटतं, पण खात्री द्यायला तयार नाहीत. मी दिली.

११ मार्च
आज काही झालं तरी शांत राहायचं.
मनगटातल्या सुयांसकट डॉक्टरांच्या फोनवरून तळमजल्याच्या रंगूबाईंना फोन लावला. टाकी भरली का, एवढंच विचारलं. त्यांनी फोन ठेवला. लाइन खराब असणार.

१५ मार्च
सुया लागल्या आणि झोपलो. घोरलो म्हणे. नाडी श्वासाबरोबर मस्त मागेपुढे. डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. जिंकलो! परवाच्या सोसायटी मीटिंगमध्ये चावी परत घेणार. छोटंसं भाषण तयार आहे.

१७ मार्च, रविवार. दुपार
भाषणाला उभा राहिलो. चेअरमन महिपतरावांनी मध्येच विचारलं, सुया चालू आहेत ना? अभिमानाने सांगितलं, बरा झालो.

मग एकेक गोष्ट बाहेर पडली. हल्ली चौथ्या मजल्यावर पाणी चढतं. जिन्यात भांडणं नाहीत. शेवंती बटण दाबते आणि भाजी चिरायला जाते. टाकी भरली की बंद करते. रंगूबाई म्हणाल्या, भावजी, तुम्ही कल्याणला जायला लागल्यापासून आमची धडधड थांबली.
ठराव झाला. चावी कायमची शेवंतीकडे. माझ्या पुढच्या सुयांचा खर्च सोसायटी करणार. सगळ्यांचे हात वर. त्यात हिचाही.
वाईट वाटलं. फार.
घरी येऊन नाडी पाहिली. घड्याळासारखी, एका चालीत.
उद्याची सहाची वेळ घेतली आहे.