कोटांच्या कपाटातलं झाड

पार्सिपनी, न्यू जर्सी
१० नोव्हेंबर १९८६

साडूभाऊ राजारामराव यांना श्रीरंगाचा अमेरिकेतून रामराम. मालिनीबाईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवणे. मालिनीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नगरला झालं की पुढं ढकललं, तेही कळवणे. माझं विचाराल तर तब्येत ठीक आहे. म्हणजे बीपी आहे, पोट साफ नाही, उजव्या कानात वारं शिरल्यासारखं होतं, आणि इथली थंडी दारातून न येता जमिनीतून येते असा माझा समज आहे. बाकी ठीक.

उत्तराबद्दल मागच्या पत्रात लिहिलंच होतं. गाठ काढली, जखमही भरली. आता दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात नेऊन सुईवाटे औषध चढवतात. ते गाठीच्या मुळावर घाव घालतं असं आमचा मुलगा विनय म्हणतो, पण माझ्या डोळ्यांना ते माझ्या सुनेच्याच मुळावर उठलेलं दिसतं. पाच वेळा चढवून झालं, तीन राहिलेत. केस गेले त्याचं तिला काही नाही, डोक्याला फडकं बांधून हिंडते. पण अन्न पोटात ठरत नाही. मऊ भात केला, मुगाचं कढण केलं, ताकात भाकरी कुस्करून दिली. ताट पाहिलं की तिचा चेहरा असा होतो, की मीच ते उचलून आत नेतो. मनगट तर शाळेतल्या पोरीएवढं झालंय. डॉक्टर म्हणाले, वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध थांबवावं लागेल. थांबवलं तर काय होईल हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. शेजारी मिसेस कोवाल्स्की म्हणून एक बाई राहतात. वय माझ्याएवढंच, नवरा गेल्या वर्षी वारला. त्यालाही हेच औषध चालू होतं आणि त्याचंही अन्न तुटलं होतं. त्यानं तळघरात एक झाड लावलं. कुठलं ते लिहीत नाही, कारण परदेशी टपाल फोडतात म्हणे. आपल्याकडे साधूंच्या चिलमीत जातं ते. त्या झाडानं त्याला भूक लागायची, शेवटपर्यंत माणूस जेवून गेला, असं बाई सांगतात. त्याचं बी त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्यांच्या बाटलीत जपून ठेवलं होतं. ऑगस्टात कॉफीच्या डब्यात रोप करून त्यांनी उत्तराला दिलं, आणि उत्तरानं माझ्या हवाली केलं. विनयला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. त्याचा नागरिक होण्याचा अर्ज सरकारदरबारी पडून आहे, शिवाय तो रस्त्यात चिटपाखरू नसताना पिवळ्या दिव्यालाही थांबणारा माणूस. आणि मी इथं पाहुण्याच्या व्हिसावर. म्हणजे पकडलं तर मला विमानात बसवून परत पाठवतील, त्याहून जास्त माझं काय करणार, असा हिशेब मी केला. (रोज पहाटे हा हिशेब चुकीचा वाटतो, चहा झाला की पुन्हा बरोबर वाटतो.)

इथं दारात शिरल्याशिरल्या कोट ठेवायचं एक कपाट असतं, माणूस उभा मावेल एवढं. त्यात कोट सरकवून मी झाड ठेवलं. वर ट्यूबलाइट टांगली ती उत्तराच्या परकराच्या नाडीनं. बाईंच्या सांगण्यावरून शेंडा खुडला, म्हणून उंची हातभरच राहिली, पण अंगानं भरलं. आपल्याकडच्या फुलांच्या परडीएवढा घेर झाला असेल. मग बाईंनी सांगितलं, की फुलावर यायला त्याला रोज बारा तास काळोख लागतो, आणि मधे काडीचाही उजेड दिसला तर ते बावचळतं. राजारामराव, चौथी पास माणसाला देवानं एकच विद्या दिली. एकतीस वर्षं शाळेचा शिपाई म्हणून मी घंटा दिली, मिनिटाचा फरक पडू दिला नाही. संध्याकाळी सातला दिवा बंद, सकाळी सातला चालू. दाराच्या फटीत धोतर कोंबलं. विनयनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, इथून गार वारा येतो. तो बिचारा गेला आणि घराची उष्णता वाढवून आला. आठ दिवस मी घरात बनियनवर होतो. त्या उबेनं झाडाला वास सुटला तो वेगळाच.

तशात दिवाळी आली. शनिवारी विनयनं इथल्या मराठी मंडळाची सहा कुटुंबं जेवायला बोलावली. उत्तराला उठवत नव्हतं, तरी ती म्हणाली येऊ देत, घर कसं दवाखान्यासारखं झालंय. सहा कुटुंबं म्हणजे बावीस कोट. आणि येणारा प्रत्येक माणूस दारात आला की त्याचा हात आपसूक त्या कपाटाच्या मुठीकडे जातो, इथली रीतच आहे. मी दुपारपासून कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. आलेल्याचा कोट जवळजवळ ओरबाडूनच घ्यायचा आणि जिना चढून वरच्या पलंगावर टाकायचा. वासावर उपाय म्हणून धूप घातला, चार जुड्या उदबत्त्या लावल्या, वर तव्यावर हिंग भाजला. पाहुण्यांच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टर गुरुदत्त म्हणून नागपूरकडचे आहेत, ते कोट सोडीनात. म्हणाले, ‘काका, तुम्ही रिलॅक्स करा ना, मी हँग करतो.’ आम्हा दोघांची थोडी ओढाताण झाली आणि त्यांच्या कोटाचं एक बटण माझ्या हातात राहिलं. तोवर त्यांच्या मिसेस सुनेत्राबाई नाक वर करून म्हणाल्या, ‘विनय, अरे यार, तुमच्याकडे स्कंक शिरलाय. डेफिनेटली स्कंक. आत्ताच्या आत्ता फोन कर कोणाला तरी.’

स्कंक म्हणजे मांजराएवढा काळापांढरा प्राणी, शेपूट वर केली की वासानं गल्ली रिकामी करतो. सोमवारी तो पकडणारा माणूस आला. विनय कामावर. माणूस दारात मावेना एवढा, शर्टावर वॉल्टर असं नाव शिवलेलं, हातात पिंजरा. घराभोवती हिंडला, तळघरात गेला, मग नाक पुढं करून येत येत नेमका कपाटापुढं थांबला. आता हे बोलायचं मी महिनाभर पाठ करून ठेवलं होतं. त्यानं काही विचारायच्या आधीच मी हात जोडून म्हणून टाकलं, ‘आय ओल्ड मॅन. आय प्लँट गांजा. सन डोन्ट नो.’ (वरचा एक शब्द पत्रात नंतर खोडला आहे. उजेडाला धरला तर दिसतो. धरू नये.) त्यानं दार उघडलं, झाडाकडे पाहिलं, नाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इतक्यात वासानं पोटात ढवळलं म्हणून उत्तरा भिंतीला धरत धरत बाहेर आली, डोक्याला फडकं, हातात ते ओकारीचं भांडं. वॉल्टरनं टोपी काढली. मग त्यानं दार हळूच लोटलं, धोतर पायानं नीट फटीत सारलं आणि म्हणाला, होता इथं स्कंक, पण गेला आता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘कीप इट शट, पॉप’, म्हणजे दार लावून ठेवा बाबा, असंही म्हणाला. विनयला दाखवायला म्हणून एक पिंजरा मागल्या दारी लावून गेला. त्यात दुसऱ्या दिवशी मिसेस कोवाल्स्कींचा बोका सापडला. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तर असं हे झाड गेल्या शनिवारपासून फुलावर येतंय. पेरापेराशी काहीतरी हिरवं, कणीएवढं फुगलंय. आणि इथंच माझा जीव टांगलाय. बाई म्हणतात, हे झाड एक तर नर असतं नाही तर मादी. मादी असेल तरच कामाचं, नर निघाला तर उपटून टाकायचा. पारख त्यांचे यजमान करायचे, बाईंनी कधी पाहिलं नाही; मादीला पांढरे केस फुटतात एवढंच त्यांच्या कानावर आहे. नवीन लावायला आता वेळ नाही, नवं झाड होईतो उत्तराचं औषध संपून जाईल. किंवा थांबेल. मी सकाळी सातला दार उघडतो आणि स्टूल घेऊन तिथंच बसतो. एका कणीतून पांढरा केस निघाल्यासारखा वाटतो, पण तो केस आहे की माझ्या चष्म्याचा ओरखडा हे कळत नाही. चष्मा हलवला की तोही हलतो. उत्तराला विचारलं तर ती म्हणते, अण्णा, बसा अजून थोडा वेळ, नीट बघा.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा
श्रीरंग

ता. क. १. तुम्ही लहानपणी तुमच्या मामांच्या सरकारी परवान्याच्या मळ्यात हेच काम करत होता. ओळीओळीनं चालायचं आणि नर तेवढा उपटायचा. आता तुम्ही माळ घातली आहे, भजनाला बसता, तो विषय तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तरी सोबत चित्र काढून पाठवतो. चित्राखाली ‘आंब्याचा मोहोर’ असं लिहिलंय ते टपालवाल्यांसाठी. बघून कळवा, नर की मादी.

ता. क. २. ज्याच्याकडून विद्या घ्यायची त्याच्याशी मनात खोट नसावी, म्हणून लिहितो. मालिनीबाईंच्या लग्नाच्या वेळी ‘चिलमीच्या मळ्यातल्या पोराला मुलगी देऊ नका’ असं सासऱ्यांना सांगणारा मीच. तुम्ही बेचाळीस वर्षं धाकट्या मेव्हण्यावर संशय घेतलात. त्यानं काही केलं नाही.

ता. क. ३. पत्र पोचायला बारा दिवस, उत्तर यायला बारा. तोवर झाड काय असेल ते मला दिसेलच, हे मलाही समजतं. खरं मागणं वेगळं आहे. त्या मळ्यातली माणसं कशी जेवायची, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ज्याचं अन्न तुटलं होतं तो माणूस यानं जेवायला लागला, असं मोठ्या अक्षरात लिहून पाठवा. मी उत्तराला वाचून दाखवीन. तसं पाहिलं नसेल, तरी लिहा.

ता. क. ४. (हे मी उत्तरा लिहिते आहे. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता अण्णा माझ्याकडून लिहून घेतात आणि पाकीट उघडंच देतात.) काका, सादर नमस्कार. झाड मादी आहे. कालच अण्णा आंघोळीला गेले तेव्हा मी विनयच्या भिंगातून पाहिलं, स्वच्छ दोन दोन पांढरे केस आहेत. अण्णांना सांगितलं नाही, कारण कपाटाशी बसलेले असतात तेव्हा ते दर अर्ध्या तासाला मला ‘काही खाल्लंस का’ विचारत नाहीत, आणि मला झोप लागते. विनयलाही पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. मधे ट्यूब गेली ती त्यानंच बदलली. अण्णांना वाटतं पहिलीच चालू आहे. स्कंकवाल्याला फोन करायला सुनेत्रानं त्याला सगळ्यांदेखत उभं केलं, त्याचा इलाज नव्हता.

तरी काका, उत्तर जरूर पाठवा, लांबलचक पाठवा, आणि अण्णांनी मागितलेलं ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. त्याची गरज मला नाही, त्यांना आहे. ते वाचून दाखवायला बसतील तेव्हा मी समोर ताट घेऊन बसणार आहे, झाड तोवर तयार झालेलं असो वा नसो. हे त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहून देते.