पेट्रोलची लहान टाकी

शिरड शहापूर,
९ जानेवारी १९७८

प्रिय रामकिशन,

चारचौघांत मी तुला जावईबापू म्हणतो, बसायला पाट देतो. पत्रात ते जमणार नाही. हे पत्र मुद्दाम तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे पद्माच्या हाती पडायला नको. माझ्या बहिणीनं नवऱ्याविषयी वाईट ऐकावं असं मला चार वर्षांपूर्वी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आखाडा बाळापूरला पुन्हा डोळ्यांचं शिबिर भरतंय, तू आता त्याचा व्यवस्थापक झालास, आणि दोन वर्षं पडून असलेलं ते जुनं जनरेटर चालवायला मी यावं, असं तू लिहिलंस. माझ्यासारखा हात कुणाचा नाही, असंही लिहिलंस. वाचून मला हसू आलं. याच हाताला तुम्ही लोकांनी हलगर्जी म्हणून घरी बसवलं होतं. तेव्हापासून मी विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिनं खोटं बोलत नाहीत, एवढं त्यांचं बरं आहे.

मशीनचं आधी सांगतो, कारण त्याच्यावर माझा राग नाही. दोन वर्षांचं जुनं ऑईल काढून टाका, नवं घाला. प्लग खोलून काजळी घासा. मशीन तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, नाहीतर धूर रोग्यांच्या नाकात जातो. रेशनच्या घासलेटात पाणी असतंच, ते धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. आणि त्याला टाक्या दोन आहेत, मोठी घासलेटची आणि लहान पेट्रोलची, हे तुला वेगळं सांगायला नको. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की कॉक फिरवून घासलेटवर घ्यायचं. थंड असो की गरम, बंद पडलेलं ते मशीन पेट्रोलशिवाय पुन्हा उठत नाही. म्हणून दोन शेरांची ती टाकी आपण जीवापाड जपायचो. रोज सकाळी मी तीत काडी बुडवून बघायचो.

फक्त त्या एका सकाळी बघितलं नाही. चार वर्षांपूर्वीच्या शिबिरात त्या दिवशी ऑपरेशनला आईचा नंबर पहिला होता. रात्रीपासून ती घाबरलेली, माझा हात सोडत नव्हती. तिच्या खाटेवरूनच मी तुला हाक मारून विचारलं, टाकी बघितली का. तू म्हणालास, "व्हय, बराबर हाय." तुझ्या शब्दावर मी उठलो नाही. ती माझी चूक, मी ती कुणाच्या माथी मारत नाही.

मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं. आईला आत नेलं. पाव तासानं घासलेटमधलं पाणी नळीत आलं आणि मशीन गचकलं. असं शंभरदा व्हायचं. दोन मिनिटांत मी नळी साफ केली, कॉक पेट्रोलवर घेतला, दोरी ओढली. ओढत राहिलो. तळहात सोलले. मग टाकीचं झाकण उघडलं तर आत ठणठणाट, तळाला होतं तेवढं सकाळी सुरू करतानाच जळून गेलेलं. दिवस होता, पण सगळीकडून बंद केलेल्या त्या तंबूत काळोख, आणि आईचा डोळा उघडलेला. शिबिराची जीप औषधं आणायला नांदेडला गेलेली, नाहीतर तिच्यातलं पेट्रोल काढलं असतं. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात कसंबसं आटोपलं. तो डोळा गेला. दुसऱ्याला तिनं पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही, आणि आता तोही विझत आलाय. भाकरी थापताना परात चाचपते.

पेट्रोल कुठं गेलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. आदल्या दुपारी तू टाकीतलं पेट्रोल फटफटीत ओतून आमच्या घरी गेला होतास, आईचा नंबर लागला ही खबर द्यायला. खबर कसली, सोयरीक नुकतीच जमली होती, तुला पद्माला बघायचं होतं. येताना भरून आणू म्हणाला असशील, पंप कोरडा निघाला असेल, विसरला असशील, काही असेल. ते मी माफ केलं असतं. पण चौकशीत मी नाव घेतलं असतं तर लग्न मोडलं असतं, म्हणून मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तू शेजारी उभा होतास. तुझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. पद्मा अजून कौतुकानं सांगते, लग्नाआधी हे फटफटीवर मला बघायला आले होते. आई शेजारी बसून ऐकते आणि हसते. त्या वेळी मी उठून गोठ्यात जातो.

तू पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलंस की या शिबिरात तुझ्या आईचं ऑपरेशन आहे. ते वाचलं आणि तुला माझा हात का हवाय ते कळलं. तीन दिवस मी पत्राला हात लावला नाही. शेवटी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "जा लेकरा, रुख्मिणीला तरी दिसू दे." म्हणून येतोय. चार दिवस आधी येऊन मशीन खोलून लख्ख करून देईन. पण त्या सकाळी मशीनजवळ तू बसायचंस, दोरी हातात घेऊन. मी आत रुख्मिणीकाकूंचा हात धरून बसेन. माझ्या आईला त्या काळोखात हात धरायला कुणी नव्हतं. टाकीत मी काडी बुडवणार नाही. काकूंच्या खाटेवरूनच तुला एकदा हाक मारून विचारीन, टाकी बघितली का. काकूंना ऐकू जाईल असं उत्तर दे.

तुझाच,
पुंजाजी