सखाभाऊंचं आसव

रामवाडी, पेण
१२ जानेवारी १९९६

आदरणीय दाजी यांसी,

कान्हूचा साष्टांग नमस्कार. तुमचा ताप उतरला असेल, मालूताईचा गुडघा तुमच्या हातच्या औषधी तेलाने वळत असेल आणि नवी म्हैस लाथा मारायची थांबली असेल, अशी आशा करतो. इकडे आई ठीक आहे. रोह्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा काय झालं ते सविस्तर कळव, असं तुम्ही बजावलं होतंत. स्थळ तुम्ही आणलंत आणि ऐनवेळी तापाने झोपून मला एकट्याला पाठवलंत. तेव्हा पुढे जे झालं त्यात तुमचाही वाटा आहे, हे आधीच नम्रपणे लिहून ठेवतो.

गाडी कधी नव्हे ती वेळेवर पोचली आणि तिथेच घात झाला. मुलीचे वडील सखाभाऊ यांच्याकडे जायला अजून बराच अवकाश होता, म्हणून माझा शाळूसोबती शिवा याच्या बिअरच्या दुकानात पंख्याखाली बसलो. (फक्त पंख्याखाली. नवा शर्ट घामाने भिजू नये एवढाच हेतू.) शिवा वेगळ्याच अडचणीत होता. धाटावच्या एका कंपनीत यंत्रं बसवायला आलेला बेल्जियमचा साहेब क्वार्टरमध्ये स्वतः बिअर बनवायचा. तो मायदेशी जाताना उरलेल्या बाटल्या शिवाकडे ठेवून गेला. बाटल्यांवर साहेबाच्या हातचं काहीतरी लिहिलेलं, पण ते वाचणार कोण? कुठली बिअर कशी आहे हे कळल्याशिवाय गिऱ्हाइकाला सांगायचं काय, हा शिवाचा प्रश्न. विमलबाईंच्या पापडाच्या कारखान्यात पिठाचं मीठ नि पापडखार मी जिभेवर सांगतो, हे त्याला ठाऊक. मित्राचं काम म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

पहिली गव्हाची निघाली. गढूळ, आजारी माणसाच्या पेजेसारखी, पण वास पिकल्या केळ्याचा. दुसरी तांबूस, घोट गिळून झाल्यावर कारल्यासारखी मागाहून कडू लागणारी. तिसरी आंबट. इतकी की कोकमाचं आगळ गोड वाटावं. (ती परत एकदा घेऊन बघावी लागली, कारण मत पक्कं होईना.) चौथी मात्र काळीभोर. भाताच्या टोपाला खाली लागलेली खरपुडी गुळाच्या पाकात बुडवली तर जशी लागेल तशी. मी चारही नावं मराठीत लिहून दिली, शिवाने खुशीने काळीची एक बाटली पिशवीत टाकली, आणि मी लवंग चघळत सखाभाऊंकडे निघालो.

सखाभाऊ व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष आहेत हे तुम्ही सांगितलं होतं. त्यांनी सुपारीसुद्धा सोडली आहे आणि त्यांचं नाक शाबूत आहे, हे सांगायचं राहिलं. पोहे येण्याआधीच त्यांनी मान पुढे करून विचारलं, "वास कसला येतोय?"

माझ्या तोंडून निघालं, "आसव हाय. दाजींनी दिलेलं. पोटासाठी."

मला वाटलं, विषय संपला. पण सखाभाऊ गेली कित्येक वर्षं गॅसने हैराण आहेत. त्यांनी माझी पिशवी जवळ ओढली, बाटली काढली, उजेडात धरून काळा रंग बघितला आणि मान डोलावली. मग अर्धी वाटी ओतून घेतली. मी देवाचं नाव घेत भिंतीकडे बघत होतो. थोड्या वेळाने सखाभाऊंना असा ढेकर आला की ओटीवरचं कुत्रं उठून अंगणात गेलं. त्यानंतर त्यांनी मला जावईबापू म्हटलं. त्यांची बायको पुतळीबाई म्हणाल्या, मलाही चमचाभर द्या, माझंबी पोट धरलंय. त्यावर सखाभाऊंनी बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाले, "हे पुरुषांचं औषध हाय."

या वाक्यावर मी परत येताना गाडीत पुष्कळ विचार केला. तुम्हीही करून बघा.

मुलगी, म्हणजे अनिता, मला पसंत आहे. मी तिला पसंत आहे की नाही ते खाली लिहितो. मालूताईला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
कान्हू

ता. क. सखाभाऊ रविवारी निडीला तुमच्याकडे औषधाची आणखी बाटली मागायला येत आहेत. आसव तुमच्याच हातचं आहे, एवढं सांभाळून घ्या. त्यात काय काय आहे असं विचारलंच, तर गूळ आणि धायटीची फुलं सांगून गप्प व्हा. शिवाकडच्या काळीच्या दोन बाटल्या गड्याच्या हाती पाठवतो आहे, त्यांवरचे कागद भिजवून काढले आहेत. ताईच्या हाती लागू देऊ नका, आणि स्वतः चाखू नका.

आणखी ता. क. अनिता मला फाटकापर्यंत सोडायला आली होती. ती धाटावच्या त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे आणि साहेब आपल्या बिअरचे नमुने तिच्याकडेच तपासायला द्यायचा, हे तिने तिथे सांगितलं. मी फाटकाची कडी काढायचं विसरलो. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "बाबा इतकं गोड कधी बोलले नाय. शिवाकडं काळीच्या किती उरल्यात ते बघून या, आनि त्या संपायच्या आत लगीन उरका."

मी बघून आलो. जेमतेम डझनभर आहेत आणि अनिता कळवते की सखाभाऊंनी वाटीचं आता पेल्यावर नेलं आहे. तेव्हा दाजी, पत्रिका नंतर जुळवा, आधी जवळचा मुहूर्त काढा.