पेणच्या चढावावर गाडी लावताना

५ जाने., सोम.
आज पहिल्यांदा ह्यांना मीच पेणला नेलं, फिजिओकडे. वरसे ते पेण ठीक गेलं, पण दवाखाना चढावावर. हँडब्रेक ओढला, ह्यांना उतरवायला वळसा घालून आले. ह्यांनी डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला आणि गाडी मागे सरकली. वीतभरच. ह्यांनी आतून हँडब्रेक खेचला म्हणून थांबली. मी अर्धाच ओढला होता. गाडी न्यूट्रलला.


६ जाने.
"मी नाय येणार गुरुवारी."
जन्मभर कंपनीची बस चालवली, शिफ्टची माणसं सुखरूप घरी सोडली. आणि आता बायकोच्या शेजारी... समजतं मला. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा पाय हलत नाही. डॉ. म्हणालेत, व्यायाम आत्ताच व्हायला हवा. माझ्या धांदरटपणापायी ह्यांचा पाय कायमचा गेला तर...
भांडी घासताना रडून घेतलं. नळाचा आवाज असतो.

८ जाने., गुरु.
गेलो नाही. दुपारी जोह्याहून माझा दादा आला. त्याच्या गणपतीच्या कारखान्यातली लाकडी पाचर आणली, मूर्तीचा पाट डुगडुगू नये म्हणून खाली सारतात ती. "गणपती हलत नाय हिच्यावर, तुजी गाडी काय हलंल?"
ह्यांनी पाचर उलटसुलट बघितली. "बारकी हाय." पण दादा गेल्यावर स्वतःच काठी घेऊन दारात. "चल गो, गाडी काढ."
गावातल्या पाण्याच्या टाकीच्या चढावावर शिकवणी. ब्रेक दाबून धर. हँडब्रेक पुरा ओढ. तोंड वर तर पहिला गियर, खाली तर रिव्हर्स. चाकं कुंपणाकडे वळव. ब्रेकवरचा पाय शेवटी काढ, हळू. मग मागच्या चाकाला पाचर. "परत कर. अगो, हळू म्हंजे हळू!" कित्येक दिवसांनी माझ्यावर ओरडले. इतकं बरं वाटलं.

१२ जाने., सोम.
हे आले! चढावावर थांबले तर माझ्याआधी ह्यांचा हात हँडब्रेकवर. तो त्यांनी ओढला, गियर मी टाकला. फिजिओ करणारी मुलगी दारातून बघत होती. "दोघं मिळून पार्क करता का?" हे हसले, वाकड्या ओठाने. ते हसू मला फार आवडतं. सांगितलं नाही कधी.

१५ जाने., गुरु.
फिजिओ करणाऱ्या मुलीला तिळगूळ दिला. पायात काही फरक नाही. "वेळ लागतो काका," ती म्हणाली.
परतताना वडखळला हे माझ्याकडे वळले. मग, "गाडी तुज्या नावावर करून टाकू." मी गियर बदलला.

१९ जाने., सोम.
चढावावर मागून रिक्षावाल्याने हॉर्न लावला, मी गडबडले, गाडी मागे घसरली. लगेच ब्रेक दाबला. हँडब्रेक, गियर, चाकं, सगळं मीच. ह्यांचा हात मांडीवरच. "जमलं तुला," एवढंच म्हणाले.
पाचर लावून त्यांचं दार उघडलं तर पायाखालची मॅट पुढे गोळा झालेली. डाव्या पायापुढे, बसमध्ये क्लच असायचा तिथे.
चढावावर मॅट मागे सरकेल, पुढे कशी? डाव्या पायाने? उजव्या पायानेही ढकलली असेल. ह्यांना तर पत्ताच नाही. विचारलं नाही. उगाच आशा लावायची आणि...
घरी येऊन मॅट झटकली, कडा दाबून सरळ अंथरली. गुरुवारी परत तोच चढाव.